बी विंगमधून गेलेली उत्तरं

मी निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी लोक मला अजून व्यवस्थापनाबद्दल विचारतात. सोसायटीतल्या बायका विचारतात, भाचा विचारतो, परवा दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, तेही माझं तोंड उघडं असताना. सव्वीस वर्षं डॉ. बोडसांच्या ऑफिसात काढली म्हणजे बाईंच्या अंगाला काहीतरी लागलंच असणार, असा सगळ्यांचा समज आहे. त्यांना मी खरं तेच सांगते. मला व्यवस्थापनातलं काही कळत नाही. मला पत्रांतलं कळतं.

डॉ. यशवंत श्रीधर बोडस म्हणजे आमचे सर. ज्यांचा कंपन्या-कारखान्यांशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते, की सरांनी ‘सात पायऱ्यांचा निर्णय’ नावाची एक पद्धत बसवली होती. काहीही ठरवण्याआधी सात प्रश्न विचारायचे, त्यांची उत्तरं कागदावर मांडायची आणि मगच पाऊल उचलायचं. मोठमोठ्या कंपन्यांच्या भिंतींवर त्या सात पायऱ्यांचे तक्ते मी स्वतः पाहिले आहेत. उद्योगपती सरांना भेटायला विमानाने येत. आणि सरांच्या स्वतःच्या ऑफिसात पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, हे ठरायला सकाळचे साडेअकरा वाजत.

माझ्या वडिलांचं गंज पेठेत बुकबाइंडिंगचं दुकान होतं. आमच्या घरात पुस्तकं शिवली फार, वाचली कमी. मी मराठी आणि इंग्रजी दोन्ही लघुलेखन शिकले आणि सरांकडे मुलाखतीला गेले. त्यांनी अर्धा तास एक पत्र सांगितलं, मी ते उतरवून घेतलं. मग म्हणाले, “शेखबाई, यात एखादा शब्द अनावश्यक वाटला का?”

मी म्हणाले, “एखादा?”

सरांनी तीन दिवस विचार केला आणि मला घेतलं.

पत्रव्यवहार सांभाळणं म्हणजे पत्र येतं, उत्तर जातं, संपलं, असं बाहेरच्याला वाटतं. तसं नसतं. अकराच्या सुमाराला टपाल यायचं. मी पाकिटं कापायची, पाकीट पत्राला टाचायचं, कारण निम्मे लोक पत्ता फक्त पाकिटावर लिहितात. मग आवक नोंदवहीत नोंद. मग तीन ट्रे. पहिला विचारणाऱ्यांचा, दुसरा सांगणाऱ्यांचा, तिसरा मागणाऱ्यांचा. मागणाऱ्यांना प्रस्तावना हवी असे, भाषण हवं असे, मुलाला नोकरी हवी असे. सांगणाऱ्यांत एक निवृत्त प्राध्यापक होते. सरांच्या पुस्तकातली एक चूक ते दर महिन्याला पानाच्या क्रमांकासह कळवत. ते वारले, तर पुढच्या महिन्यापासून त्यांचा मुलगा कळवू लागला. वडिलांचं राहिलेलं काम म्हणून.

खरा ट्रे पहिला. एका मंगल कार्यालयाच्या मालकांचा प्रश्न असे, की आचारी आणि मांडववाला एकमेकांशी बोलत नाहीत, तर मी कुणामार्फत बोलू? एका गृहसंस्थेच्या सचिवांनी विचारलं होतं, की सभेला कोणीच येत नाही, हा नेतृत्वाचा दोष की वेळेचा? सर या सगळ्यांना तितक्याच गांभीर्याने उत्तर देत. खिडकीपासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत फेऱ्या मारत मजकूर सांगत. कपाटापाशी थांबले की ‘तथापि’ येणार, हे मला ठाऊक असे. मी आधीच लिहून ठेवायची. पहिला मसुदा, दुरुस्त्या, दुसरा मसुदा, पक्की प्रत, एक प्रत फायलीला, मग जावक नोंदवही. सरांचं उत्तर साधारण आठ पानांचं. सर्वांत छोटं सव्वातीन पानांचं होतं, आणि ते सांत्वनाचं होतं.

ई-मेलला सर उत्तर देत नसत. “ज्याला पाकीट चिकटवायचा कंटाळा येतो, त्याची अडचण अजून पिकलेली नाही,” असं म्हणत. त्यामुळे ही गोष्ट अगदी अलीकडची असूनही पोस्टाची आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी आमचं ऑफिस वारज्याला हलवलं. एका सोसायटीच्या ए विंगमधला सात नंबरचा फ्लॅट. नवी लेटरहेडं छापायची होती. पत्त्यात ‘ए विंग’ लिहावं की नाही, यावर सरांनी सातही पायऱ्या चढून विचार केला. “‘ए’ लिहिलं की आपण स्वतःला श्रेणी देतोय असं वाटतं,” असा निष्कर्ष निघाला. लेटरहेडवर नुसतं ‘फ्लॅट ७’ छापलं गेलं. प्रूफ मीच तपासलं होतं.

त्यानंतर टपाल घटलं. आधी थोडं, मग निम्मं. मी मोबाइलला दोष दिला, नव्या पिढीला दोष दिला, पोस्टाला दिला. सर अकरा वाजले की जिन्याकडे बघत.

एके दिवशी आभाराचं पत्र आलं. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका गृहस्थांचं. ‘आदरणीय डॉ. बोडस, आपल्या एका ओळीच्या उत्तराने आमचे डोळे उघडले. आपण म्हणालात तसं केलं आणि ऑफिसात हसण्याचे आवाज येऊ लागले.’

एका ओळीच्या? मी जावक नोंदवही उघडली. त्या गृहस्थांना आम्ही उत्तर पाठवलंच नव्हतं. त्यांचं पत्रही आमच्याकडे आलं नव्हतं. सोबत त्यांनी मिळालेल्या उत्तराची झेरॉक्स जोडली होती. पोस्टकार्ड, निळ्या शाईतलं, सरकारी फॉर्म भरावा तसं सुटं सुटं अक्षर.

‘सोमवारची चार तासांची मीटिंग बंद करावी. कोणी विचारल्यास मंगळवारी आहे असे सांगावे. य. स. बोडस.’

मी हसले. मोठ्याने हसले, आणि सर आतल्या खोलीतून “काय झालं?” म्हणाले तेव्हा “ठसका लागला” म्हणाले.

ते पत्र मी सरांना दाखवायला हवं होतं. दाखवलं नाही, खालच्या खणात ठेवलं. आधी सगळा शोध लावू, मग सांगू, असं मी मनाला बजावलं. पुढच्या महिन्याभरात आभाराची आणखी चार पत्रं आली, सोबत कार्डांच्या झेरॉक्स. खराडीच्या एका आयटी कंपनीतल्या मुलीने लिहिलं होतं, की तिचा मॅनेजर दर तासाला येऊन ‘एनी अपडेट?’ विचारायचा. तिला उत्तर गेलं होतं, ‘तुम्ही त्यांना दर अर्ध्या तासाने विचारावे.’ तिने विचारलं. मॅनेजर आठवड्यात सुधारला. मी खण उघडून ती कार्डं पुन्हा पुन्हा वाचायची. आठ पानं टाइप करता करता मध्येच वाचायची, चहाबरोबर बिस्किट खावं तशी.

सहीत ‘श्री’च्या जागी ‘स’ होता, हे मला दिसलं होतं. मला वाटलं, घाईत लिहिलंय. पण कार्डांवरचे शिक्के वारज्याचेच होते, हे एकदा लक्षात आलं आणि मी खाली वॉचमनकडे गेले. आमचे वॉचमन मेश्राम, भंडाऱ्याकडचे.

“मेश्राम, बोडसांचं टपाल तुम्ही कुठे देता?”

“कोनत्या बोडसांचं बाई? दोन हायेत ना. एक तुमचे सायेब, आन् एक बी विंगमंदले बोडस काका. त्यायचा बी सातच नंबर हाय. पोस्टमन ज्या जिन्यानं पयले चढंल तिकडं देते.”

“आणि हे तुम्ही मला कधी सांगणार होतात?”

“तुमी आत्ता इचारलं ना,” मेश्राम म्हणाले.

मी त्याच संध्याकाळी बी विंगचा जिना चढले. सात नंबरच्या दारावर पाटी होती. ‘यदुनाथ सखाराम बोडस. दार उघडायला वेळ लागेल. गुडघे माझे आहेत.’ मी बेल वाजवली आणि थांबले. बऱ्याच वेळाने एका उंच, वाळक्या गृहस्थांनी दार उघडलं.

“शेखबाई ना? या. उशीर केलात.”

“आपण मला ओळखता?”

“पत्रात लोक तुम्हाला नमस्कार सांगतात. तेही मी कळवायला हवे होते. राहिले.”

त्यांनी टेबलावर एक फाइल ठेवली. छत्तीस पत्रं, प्रत्येकाला पाकीट टाचलेलं, प्रत्येकामागे पाठवलेल्या उत्तराची नक्कल. मी इतकी नीट फाइल दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही, आणि ही स्तुती मी सहज करत नाही. गृहस्थ पाटबंधारे खात्यात होते. खडकवासल्याला कालव्याच्या कामावर एकतीस वर्षं काढलेली. रोज पाण्याची पातळी मोजायची, लिहायची, सही करायची. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती.

“पहिले पत्र पेन्शनचे समजून उघडले,” ते म्हणाले. “आत लिहिलेले, ‘कृपया मार्गदर्शन करावे.’ शेखबाई, एकतीस वर्षांत मला ‘फॉर्म भरा’ म्हणाले, ‘सही करा’ म्हणाले, ‘वर विचारा’ म्हणाले. मार्गदर्शन करा असे कोणी म्हणाले नाही. मग केले.”

“पण पाकिटावर डॉक्टर लिहिलेलं होतं.”

“ते त्यांनी लिहिले. मी माझ्या सहीत लिहिले नाही. बघा.”

खरंच नव्हतं.

“समोरच डॉ. बोडसांचं ऑफिस आहे हे कळल्यावर तरी पत्रं आणून द्यायची!”

“आणली होती. तुमच्या दारावर पाटी होती, ‘पूर्वनियोजित भेटीशिवाय येऊ नये.’ परत आलो.”

ती पाटी मीच लावली होती. मी फाइल काखेत घेतली, यापुढे असं करू नका म्हणून सांगितलं, ते “ठीक” म्हणाले, आणि वर मला चहा दिला.

तो शनिवार होता. सोमवारी सकाळी सरांना सगळं सांगायचं, हे मी पक्कं केलं. रविवारभर वाक्यं जुळवली. सोमवारी साडेदहाला मी फाइल खणातून काढणार, तेवढ्यात दारात तीन माणसं. पूर्वनियोजित भेटीशिवाय.

लोखंडी कपाटांचा कारखाना असलेले कुदळे, त्यांचा धाकटा मुलगा निखिल आणि थोरली सून अश्विनी. कुदळे साठीचे, आवाज मोठा. हातात शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी सरळ सरांच्या पायांवर डोकं ठेवलं. सरांना पाया पडलेलं चालत नाही, ते मागे सरकून कपाटाला धडकले.

“सर, तुमच्यामुळे माझं घर फुटता फुटता वाचलं,” कुदळे म्हणाले आणि शाल उघडली. आत फ्रेम. फ्रेमच्या आत पोस्टकार्ड.

‘आपल्या दहा पानी पत्रात काम करताना एकच व्यक्ती दिसते, ती म्हणजे थोरल्या सूनबाई. कारखाना त्यांच्याकडे द्यावा व मुलांना त्यांच्या हाताखाली द्यावे. य. स. बोडस.’

कारखाना कुठल्या मुलाकडे द्यायचा यावरून त्यांच्या घरात दोन वर्षं भांडण चाललं होतं. हे कार्ड आलं आणि डॉ. बोडसांचा शब्द म्हटल्यावर दोन्ही मुलगे गप्प बसले. चार महिने अश्विनी काम बघत होती. पुढच्या रविवारी समारंभ करून सगळं तिच्या हाती रीतसर द्यायचं होतं आणि त्याचं आमंत्रण घेऊन ही मंडळी आली होती.

“माझं एकच म्हणणं आहे,” निखिल म्हणाला. “सरांनी समोरासमोर सांगावं. फॅक्टरीसारखी गोष्ट एका पोस्टकार्डवर कशी ठरते? सर सांगू देत, आपण सगळं मान्य करू.”

सरांनी फ्रेम हातात घेतली. पुढून वाचली, उलटी करून मागून पाहिली.

“शेखबाई, हे पत्र आपल्या जावक नोंदवहीत आहे?”

“नाही सर.”

“मग कुठे आहे?”

“बी विंगमध्ये, सर.”

आणि रविवारभर जुळवलेली माझी वाक्यं विसरून, परक्या तीन माणसांसमोर, मी सगळं सांगून टाकलं. लेटरहेड, मेश्राम, छत्तीस पत्रं, माझा खालचा खण.

“म्हणजे हे फेक आहे!” निखिल उभा राहिला. “बघा बाबा, मी म्हणत होतो. आता समारंभ कॅन्सल करा.”

अश्विनी शालीची घडी घालत होती. तिचे हात थांबले.

सरांनी नुसतं ‘हो, पत्र माझंच’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. मला मनातून वाटलं, सर, म्हणा. आणि ते म्हणणार नाहीत हेही मला माहीत होतं. मला भीती होती ती वेगळीच, की आता सर ‘मी विचार करून कळवतो’ म्हणतील, तीन दिवस जातील आणि तेवढ्यात त्या घरात पुन्हा आग लागेल.

“यांचं मूळ पत्र द्या,” सर म्हणाले.

मी फाइलमधून काढून दिलं. सर खुर्चीत बसले, पेन्सिल घेतली आणि ती दहा पानं तिथेच, त्यांच्यासमोर वाचू लागले. पाऊण तास. मी दोनदा चहा केला. निखिल मोबाइल बघायचा, ठेवायचा, पुन्हा बघायचा. शेवटी सरांनी चष्मा काढला.

“कुदळे, हे उत्तर मी लिहिलेलं नाही. मी लिहिलं असतं तर आठ पानं लिहिली असती आणि निष्कर्ष हाच काढला असता. बहुधा सातव्या पानावर.”

मी सरांकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांत त्यांना एका तासाच्या आत काही ठरवताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“पण सर, तो माणूस इरिगेशनमधला आहे,” निखिल म्हणाला. “त्याला बिझनेसमधलं काय कळतं?”

“तुमच्या वडिलांनी कपाटं बनवायला घेतली तेव्हा त्यांना काय कळत होतं?”

“काहीच नाही,” कुदळेच म्हणाले. “मी आधी शिंपीकाम करायचो.”

तेव्हा अश्विनी बोलली. “सर, मला त्या काकांना भेटायचंय.”

आम्ही पाचही जण पार्किंग ओलांडून बी विंगमध्ये गेलो. बेल वाजवली, थांबलो. बोडसांनी दार उघडलं, आमच्याकडे एकदा पाहिलं.

“पाच जण. खुर्च्या तीन आहेत. ठरवा.”

सर, कुदळे आणि मी बसलो. सर त्यांना नमस्कार करून काही सुरू करणार, ते साधारण ‘प्रथमतः’ने सुरू झालं असतं, पण बोडस अश्विनीकडे वळले होते.

“तुम्ही सूनबाई ना? तुमच्या सासऱ्यांना उत्तर लिहिताना एक गोष्ट विचारायची राहिली. कार्डावर जागा नव्हती. हे काम तुम्हाला हवे आहे का?”

कुदळ्यांनी निखिलकडे पाहिलं, निखिलने फरशीकडे.

“हवंय,” अश्विनी म्हणाली. “लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हवंय. मला कुणी विचारलंच नाही. बाबांनी चाव्या दिल्या तेव्हासुद्धा ‘सरांनी सांगितलंय’ म्हणून दिल्या.”

“आणि तुम्हाला?” बोडसांनी निखिलला विचारलं.

तो जरा गोंधळला. “मला... खरं सांगू का? मला फॅक्टरीत बसायचंच नाहीये. ती धूळ, ते वेल्डिंग, नको वाटतं. मला शोरूम काढायचंय.”

“मग दोन वर्षे भांडलात कशासाठी?”

“दादा मागत होता म्हणून.”

आधी कुदळे हसले, मग अश्विनी, मग निखिल स्वतः. सर हसले नाहीत. ते खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहून घेत होते. समारंभ झाला. सर पन्नास मिनिटं बोलले. बोडसांनाही बोलवलं होतं. ते उभे राहिले, “अश्विनीताई, कामाला लागा,” म्हणाले आणि बसले. टाळ्या कुणाला जास्त मिळाल्या ते मी लिहीत नाही.

घरी परतताना गाडीत सरांनी मला विचारलं, “हे तुम्ही मला इतके आठवडे का सांगितलं नाहीत?”

खोटं बोलायची सवय नव्हती. “मला त्यांची उत्तरं आवडत होती, सर.”

त्यानंतर तीन दिवस त्यांनी एकही पत्र सांगितलं नाही. मी वही उघडून बसायची आणि ते खिडकीतून बाहेर बघायचे. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. सव्वीस वर्षांत ते माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते, आणि मी त्यांच्याच खणात त्यांच्यापासून गोष्टी लपवल्या.

चौथ्या दिवशी त्यांनी ती छत्तीस पत्रांची फाइल मागितली. दार लावून वाचत बसले. मधूनमधून आतून एक विचित्र आवाज यायचा. सर हसत होते. दुपारी मात्र एकदम दार उघडलं.

“शेखबाई, हे दळवींचं पत्र किती दिवसांपूर्वीचं?”

मी पाकीट पाहिलं. “तीन आठवडे झाले, सर.”

खराडीत नोकरी करणारे दळवी. चार पानी पत्र, शेवटी प्रश्न, ‘मी राजीनामा द्यावा का?’ मागे उत्तराची नक्कल. एकच शब्द. ‘द्यावा.’

“दुसऱ्या पानाची शेवटची ओळ वाचा,” सर म्हणाले. मी वाचली. मॅनेजर, टार्गेट, अपमान या सगळ्या गर्दीत एक वाक्य होतं. ‘त्यातच बाबांचं ऑपरेशन झालं आहे.’ आधी तीनदा वाचूनही ते मला दिसलं नव्हतं.

“या माणसाला नोकरी सोडायची नाही. त्याला वडिलांजवळ बसायचंय,” सर म्हणाले. “फोन लावा.”

सरांनी मला कधी फोन लावा म्हटलं नव्हतं. पत्रावर नंबर होता, मी लावला, स्पीकरवर ठेवला. दळवी बिचारे गडबडले. “सर? आपण स्वतः? मी तर उत्तराची वाट बघतोय. अजून काही आलं नाही.”

“पोस्टकार्ड आलं नाही?”

पलीकडून एका बाईंचा आवाज आला. “आलंय. मी ठेवलंय, गव्हाच्या डब्यात. उघडं कार्ड, एक शब्द, जिना चढता चढता वाचला मी. असलं उत्तर ह्यांच्या हातात देऊ?”

सरांनी डोळे मिटले. मग ते त्या माणसाशी सव्वा तास बोलले, उभ्या उभ्या, फेऱ्या न मारता. दळवींनी दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली, ती मिळाली. वडील बरे झाले, दळवी आजही त्याच कंपनीत आहेत आणि दिवाळीला न चुकता पत्र पाठवतात. त्या दिवशी मला आठ पानांचा अर्थ कळला. सर पानं वाढवत नव्हते. समोरच्या माणसाने जे एका ओळीत दडपून टाकलेलं असे, ते बाहेर यायला त्यांना तेवढी पानं लागत.

संध्याकाळी सर एकटेच बी विंगमध्ये जाऊन आले. काय बोलणं झालं ते मला बोडसांकडून कळलं. “दुसरे पान नीट वाचले नाही मी,” एवढंच ते म्हणाले. “पाणी मोजताना असे केले असते तर शहर बुडाले असते.” त्यानंतर त्यांनी पोस्टकार्डं लिहिणं बंद केलं. चुकून आलेलं टपाल ते मेश्रामकडे न उघडता देऊ लागले. मला ते बरोबरही वाटत होतं आणि बघवतही नव्हतं.

काही महिन्यांनी सरांना ऐंशीवं लागलं. बंगळुरूची मुलगी रोज फोन करून ऑफिस बंद करा म्हणू लागली. टपाल पूर्वीसारखं उरलं नव्हतं, आणि चुकलेलं टपालही आता परत मिळत असल्याने पोस्टमनला दोष देता येत नव्हता. एका सकाळी सर म्हणाले, “पत्र घ्या. श्री. य. स. बोडस यांस.”

नऊ पानं झाली. ऑफिस चालू ठेवावं की बंद करावं, दोन्ही बाजू, सातही पायऱ्या, तीन वेळा तथापि. मी पाकीट बंद केलं आणि म्हणाले, “सर, बी विंग या खिडकीतून दिसते. मी देऊन येते.”

“पत्र पोस्टाने जातं, शेखबाई.”

पोस्टाने टाकलं. तिसऱ्या दिवशी ते आमच्याकडेच आलं. मी पाकिटावर ‘बी विंग’ ठळक लिहिलं होतं, तरीही. मेश्रामनी ते जिन्यातूनच उचललं आणि पलीकडे नेऊन दिलं.

चार दिवसांनी पोस्टकार्ड. तेच निळं, सुटं अक्षर.

‘नऊही पाने दोनदा वाचली. पान सहा, ओळ अकरा पाहावी. य. स. बोडस.’

मी फायलीतली प्रत काढली. सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी बोटाने ओळी मोजल्या आणि मोठ्याने वाचलं.

“‘अर्थात, सकाळी टपाल आले की मला बरे वाटते, हा मुद्दा येथे गौण आहे.’”

सरांनी वाकून ती ओळ स्वतः वाचली.

“मोजताना पानाचा क्रमांक ओळीत धरलात का?”

“नाही सर.”

“मग हीच ओळ.” ते खुर्चीत जाऊन बसले, चष्मा पुसला, टेबलावरचे कागद सरळ केले. “आजचं टपाल आलं का?”

साडेदहाच वाजले होते. टपाल यायला अजून अर्धा तास होता, ते त्यांनाही माहीत होतं. तरी मी उठले आणि जिन्यापर्यंत जाऊन बघून आले.